गाडीला बाहेरचा ब्रेक लाइट बसवताना: कायदा काय बघतो आणि आपण काय मोजायचं

ब्रेक लाइट मागच्या चालकाला एकच गोष्ट सांगतो: पुढची गाडी वेग कमी करतेय. हे एका क्षणात आणि कसलाही गोंधळ न होता कळायला हवं, म्हणून जगभरचे नियम चार गोष्टींवर अडून बसतात. दिवा लाल हवा, स्थिर पेटलेला हवा, शेजारच्या टेल लाइटपेक्षा स्पष्ट उजळ हवा आणि नजर जिथे जाते त्या जागी हवा. बाकीचे आकडे आणि कोन याच चार गोष्टींचा हिशोब आहेत.

बाहेरून आणलेला दिवा कायदेशीर आहे का, हे ठरवताना तीन प्रश्न वेगवेगळे विचारावे लागतात. दिव्याला स्वतःला मान्यता आहे का? तो योग्य जागी बसलाय का? आणि वायरिंग झाल्यावर तो ब्रेक लाइटसारखा वागतोय का? दुकानदार फक्त पहिल्याचं उत्तर देतो, तेही अर्धंच. मान्यता असलेला दिवा २० सेंटिमीटर खाली लावला, किंवा चांगल्या दिव्यात भलताच बल्ब घातला, तरी गाडी तपासणीत नापास होऊ शकते.

आधी कोणाचा नियम लागू, ते ठरवा

दिव्यांच्या नियमांची दोन मोठी घराणी आहेत. एक संयुक्त राष्ट्रांच्या १९५८ च्या करारातून आलेलं. युरोप, जपान आणि इतर अनेक देश ते मानतात. त्यात दिव्याचा नियम वेगळा आणि बसवणीचा वेगळा. ब्रेक लाइटसाठी आधी नियम ७ होता, २०१९ पासून सिग्नलचे सगळे दिवे नियम १४८ मध्ये एकत्र केले आहेत. चारचाकीवर दिवे कुठे आणि कसे बसवायचे ते नियम ४८ सांगतो, मोटरसायकलसाठी नियम ५३ आहे. दुसरं घराणं अमेरिकेचं, एफएमव्हीएसएस १०८, म्हणजे वाहन-सुरक्षेचं तिथलं केंद्रीय मानक. त्यात दिवा आणि बसवणी दोन्ही एकाच नियमात येतात. भारतात बसवणीसाठी एआयएस-००८ आणि दिव्यांसाठी एआयएस-०१० ही वाहन उद्योगाची मानकं (ऑटोमोटिव्ह इंडस्ट्री स्टँडर्ड) आहेत. त्यांची घडण संयुक्त राष्ट्रांच्या नियमांच्या जवळची आहे. मूळ गाडीत फेरफार करण्यावरची बंधनं मात्र मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये येतात.

गाडी कुठे बनली यापेक्षा ती कुठे नोंदली आहे त्याला महत्त्व. ठळक उदाहरण मागच्या इंडिकेटरचं. अमेरिकेत तो लाल चालतो, आणि अनेक गाड्यांत एकच लाल दिवा ब्रेकचं आणि वळणाचं अशी दोन्ही कामं करतो. संयुक्त राष्ट्रांच्या नियमांत मागचा इंडिकेटर पिवळाच लागतो. त्यामुळे तिकडचा देखणा टेल लॅम्प इकडे लावला की ब्रेक लाइट म्हणून तो ठीक असला तरी इंडिकेटरवर अडकतो.

काचेवरच्या खुणा वाचायला शिका

गाडीचा जुना दिवा काढण्याआधी त्याच्या काचेवरची अक्षरं मोबाइलने टिपून ठेवा. तिरपा प्रकाश पडला की ती उठून दिसतात. एका टेल लॅम्पमध्ये बहुधा टेल, ब्रेक, इंडिकेटर, रिव्हर्स आणि परावर्तक एवढं सगळं असतं. कधी मागचा फॉग लाइटही असतो. नव्या दिव्यात यांतलं एखादं काम गायब असेल, तर ते दुसरीकडे भरून काढणं तुमच्यावर येतं.

युरोपीय धर्तीच्या दिव्यावर गोलात मोठं रोमन ई आणि शेजारी आकडा असतो. आकडा मान्यता देणाऱ्या देशाचा: १ जर्मनी, २ फ्रान्स, ३ इटली, ४ नेदरलँड्स, ११ ब्रिटन, ४३ जपान. माल त्याच देशात बनला असेल असं नाही. गोलाजवळची अक्षरं दिव्याचं काम सांगतात. एस१ म्हणजे एकाच तीव्रतेचा नेहमीचा ब्रेक लाइट. एस२ दिवस-रात्रीनुसार तीव्रता बदलणारा. एस३ आणि एस४ हे मधल्या उंच, म्हणजे तिसऱ्या ब्रेक लाइटचे तसेच दोन प्रकार. आर१ टेल लाइट, २ए मागचा इंडिकेटर, एआर रिव्हर्स, एफ मागचा फॉग लाइट, आयए परावर्तक. दिव्यावर आर१ आहे पण एस१ नाही, तर तो टेल लाइट म्हणूनच मान्य आहे. त्यात ब्रेकची वायर जोडली म्हणून तो ब्रेक लाइट होत नाही.

नव्या काही दिव्यांवर ही लांबलचक अक्षरं नसतात, त्याऐवजी गोलात यूआय (युनिक आयडेंटिफायर, म्हणजे एकमेव ओळख) आणि एक क्रमांक येतो. मग कामांची यादी उत्पादकाकडून लेखी मागा.

सगळ्यांत जास्त फसवणूक होते ती १०आर या खुणेवर. गोलात ई आहे, आकडा आहे, खाली लांब क्रमांक आहे. बघणाऱ्याला वाटतं मान्यता आहे. पण १०आर ही नियम १० ची खूण, म्हणजे हे उपकरण विद्युतचुंबकीय गडबड करत नाही एवढंच. एलईडी बल्ब, पट्ट्या आणि फ्लॅशर मॉड्यूलवर बहुतेक वेळा हीच खूण असते. दिवा किती उजळ, कोणत्या कोनातून दिसतो, लाल रंग बरोबर आहे का, याबद्दल ती चकार शब्द काढत नाही.

अमेरिकी दिव्यावर डीओटी (तिथलं वाहतूक खातं) आणि एसएई (वाहन अभियंत्यांची संस्था) ही अक्षरं येतात. तिथे सरकार दिवा तपासून शिक्का देत नाही, उत्पादक स्वतः प्रमाणित करतो. एसएईच्या पुढची अक्षरं वाचा: एस म्हणजे २०३२ मिलिमीटरपेक्षा कमी रुंद गाडीचा ब्रेक लाइट, एस२ त्याहून रुंद गाडीचा, यू३ मधला उंच दिवा, टी टेल, आय इंडिकेटर, ए परावर्तक. लक्षात ठेवा, इथला एस२ आणि युरोपीय एस२ यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

उजेड किती

मोजमाप कँडेलात होतं, म्हणजे एका दिशेत जाणाऱ्या प्रकाशाच्या तीव्रतेच्या एककात. संयुक्त राष्ट्रांच्या नियमात एस१ दिव्याला समोरच्या मुख्य दिशेत किमान ६० आणि कमाल २६० कँडेला. एस२ ला वरची मर्यादा ७३०, कारण तो रात्री स्वतःहून मंद होतो. एस३ ला २५ ते ११०, एस४ ला २५ ते १६०. अमेरिकेत एका खणाच्या दिव्याला किमान ८० आणि कमाल ३००, तीन खणांच्या दिव्याला किमान ११० आणि कमाल ४२०.

कँडेला घरी मोजता येत नाहीत, पण हे आकडे दोन गोष्टी सांगतात. पहिली, वरची मर्यादाही कायदाच आहे. ‘जास्त उजळ तर जास्त सुरक्षित’ हे रात्री मागच्याच्या डोळ्यांत भाला घुसल्यावर खरं राहत नाही. दुसरी, टेल आणि ब्रेक यांतला फरक. दोन्ही एकाच दिव्यात असतील तर अमेरिकी नियम मुख्य दिशेत ब्रेकचा उजेड टेलच्या किमान पाचपट मागतो. स्वस्त एलईडी बल्ब सर्वाधिक वेळा इथेच पडतात. टेलच खूप उजळ ठेवलेला असतो, ब्रेक दाबला की थोडासाच वाढतो, आणि पावसाळी संध्याकाळी मागच्याला गाडी थांबतेय की नुसती चालली आहे हे कळत नाही.

फक्त बल्ब बदलायचा असेल तर

जुन्या धर्तीच्या दिव्यात बहुधा पी२१डब्ल्यू, म्हणजे एका तारेचा (फिलामेंटचा) २१ वॅटचा बल्ब, किंवा पी२१/५डब्ल्यू, म्हणजे २१ आणि ५ वॅटच्या दोन तारांचा बल्ब असतो. दिव्याचा आरसा आणि काचेवरच्या रेषा त्या तारेच्या नेमक्या जागेभोवती आखलेल्या असतात. एलईडी बल्बमध्ये प्रकाश निघतो तो चिप जिथे चिकटवल्या आहेत तिथून, आणि आरशाचा मोठा भाग कोराच राहतो. सरळ मागून बघितलं तर झगझगीत, बाजूला सरकलं तर अंधार. म्हणूनच तारेच्या बल्बसह मान्य झालेल्या दिव्यात एलईडी घातला की संयुक्त राष्ट्रांच्या पद्धतीत त्या दिव्याची मान्यता टिकत नाही. अमेरिकी पद्धतीतही दिव्याची चाचणी ठरलेल्या बल्बसहच होते. एलईडी हवाच असेल तर एलईडीसाठीच बनवून मान्यता घेतलेला पूर्ण दिवा घ्या. हाच सरळ मार्ग आहे.

एलईडीचा खरा फायदाही सांगायला हवा. तारेचा बल्ब पूर्ण उजेडाला यायला सुमारे ०.२ सेकंद घेतो, एलईडी जवळपास लगेच येतो. ताशी १०० किलोमीटर वेगात ०.२ सेकंदात गाडी साडेपाच मीटर पुढे जाते. हा फायदा पूर्ण एलईडी दिव्यात मिळतो, जुन्या दिव्यात कोंबलेल्या बल्बमध्ये तो कोनांच्या अंधारात हरवतो.

बल्ब बदलताना होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. लाल काचेमागे निळसर पांढरा एलईडी घातला की त्याच्या प्रकाशात लाल भाग मुळातच कमी, म्हणून दिवा फिका गुलाबी दिसतो. पी२१/५डब्ल्यूच्या बुडावरच्या दोन पिना वेगवेगळ्या उंचीवर असतात. बल्ब उलटा जोर लावून फिरवला की टेल आणि ब्रेक यांची अदलाबदल होते. रात्रभर ब्रेक पेटल्यासारखी दिसणारी आणि पायडल दाबल्यावर मंद होणारी गाडी बघितली असेल, तर कारण बहुधा हेच.

मग येतो ‘बल्ब गेला’ असा इशारा. २१ वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर पावणेदोन अँपिअर घेतो, एलईडी त्याच्या कितीतरी कमी. गाडीच्या कंट्रोलरला वाटतं बल्ब उडाला. त्यावर ६ ओहमचा, ५० वॅटचा रेझिस्टर लावतात. १३.५ व्होल्टवर तो सुमारे ३० वॅट नुसती उष्णता करून टाकतो. सिग्नलला ब्रेकवर पाय ठेवून दोन-तीन मिनिटं थांबलात की तो हात भाजेल इतका तापतो. इंडिकेटरमध्ये तो थांबून थांबून तापतो, ब्रेकमध्ये सलग, हा फरक बरेच जण विसरतात. लावलाच तर उघड्या पत्र्यावर स्क्रूने कसा. प्लास्टिकला, वायरच्या जुडग्याला किंवा डिकीच्या अस्तराला टेकू देऊ नका. दुहेरी चिकटपट्टीवर चिकटवलेला रेझिस्टर काही आठवड्यांत सुटतो आणि नेमका अस्तरावर जाऊन पडतो.

काळी फिल्म आणि धुरकट काच

मान्यता त्या काचेसह मिळालेली असते. तिच्यावर फिल्म, स्प्रे किंवा काळं आवरण चढवलं की मान्य झालेली वस्तू उरत नाही, आतला बल्ब कितीही चांगला असो. परावर्तकाचं नुकसान तर दुप्पट. निम्मा प्रकाश जाऊ देणारी फिल्म असेल तर ब्रेकचा उजेड निम्मा होतो, पण परावर्तकातून प्रकाश आत जाताना आणि परत येताना असा दोनदा कापला जातो, उरतो चौथा हिस्सा. रात्री रस्त्याकडेला बंद पडलेल्या गाडीला तेवढाच आधार असतो.

अमेरिकेत आणखी एक बाब आहे. मालकाने स्वतः केलेल्या बदलाला राज्याचा कायदा लागतो, पण गॅरेज, डीलर किंवा उत्पादकाने सुरक्षेचं मूळ उपकरण निकामी करणं केंद्रीय कायद्यानेच बंद आहे. गिऱ्हाइकाने सांगितलं म्हणून केलं, ही सबब त्यांना चालत नाही. कारखान्यातूनच गडद काच घेऊन आलेला दिवा मात्र वेगळा: त्यावर ब्रेकची खूण असेल तर चाचणी त्याच काचेतून झालेली असते.

लुकलुकणारा ब्रेक लाइट

पायडल दाबलं की तीन-चार वेळा फडफडून मग स्थिर होणारी मॉड्यूल सर्रास मिळतात. ती दोन्ही घराण्यांत नियमाबाहेर आहेत, कारण ब्रेक लाइट स्थिर पेटला पाहिजे. ‘अमुक महागड्या गाडीत कंपनीच देते की’ हा युक्तिवाद हमखास ऐकू येतो. ती वेगळी चीज आहे. नियम ४८ मधला आणीबाणीचा थांबा-संकेत ताशी ५० किलोमीटरच्या वर वेग असताना आणि ब्रेकच्या यंत्रणेने जोरदार ब्रेकिंगचा संकेत दिल्यावरच सुरू होतो. मोटारींमध्ये हा उंबरठा किमान ६ मीटर प्रति सेकंद वर्ग इतक्या मंदगतीचा, म्हणजे वेग कमी होण्याच्या दराचा, आहे. लुकलुक सेकंदाला सुमारे चार वेळा. बाजारातल्या मॉड्यूलला वेगही कळत नाही आणि मंदगतीही नाही. पार्किंगमध्ये हलका पाय ठेवला तरी ते फडफडतं. मागच्याला हाच संकेत दर चौकात दिसला, तर खऱ्या आणीबाणीत तो त्याच्याकडे बघणार कशाला?

मधून कडेकडे पळत जाणारी लाल पट्टी, ब्रेक दाबल्यावर उमटणारं नाव किंवा चिन्ह, हेही याच कारणाने बाद.

टेप घेऊन मोजा

गाडी सपाट जमिनीवर, रिकामी आणि टायरमध्ये योग्य हवा असताना मोजा. नियम ४८ प्रमाणे एस१ आणि एस२ जोडी जमिनीपासून किमान ३५० मिलिमीटर आणि कमाल १५०० मिलिमीटरवर. गाडीच्या आकारामुळे शक्यच नसेल तर वर २१०० पर्यंत मुभा. खालची मर्यादा दिव्याच्या प्रकाशित भागाच्या खालच्या कडेपर्यंत, वरची त्याच्या वरच्या कडेपर्यंत मोजायची. मोटारी आणि हलक्या मालवाहू गाड्या सोडून इतरांत डाव्या-उजव्या दिव्यांच्या आतल्या कडांमध्ये किमान ६०० मिलिमीटर अंतर. गाडीची रुंदी १३०० पेक्षा कमी असेल तर ४०० चालतं. दोन्ही सारख्या उंचीवर आणि मध्यरेषेपासून सारख्या अंतरावर हवेत. अमेरिकेत उंची १५ ते ७२ इंच, म्हणजे ३८१ ते १८२९ मिलिमीटर. गाडी खाली बसवली असेल किंवा सस्पेन्शन उचललं असेल तर मूळ दिवासुद्धा मर्यादेबाहेर जाऊ शकतो.

आता कोन. एस१ दिवा आडव्या दिशेत दोन्ही बाजूंना ४५ अंशांपर्यंत आणि उभ्या दिशेत वर-खाली १५ अंशांपर्यंत दिसायला हवा. तो ७५० मिलिमीटरच्या खाली असेल तर खालचा कोन ५ अंश चालतो. हे तपासणं सोपं आहे. दिव्यापासून दोन मीटर मागे आणि तिथून दोन मीटर बाजूला उभे राहा, हे झाले ४५ अंश. तीन मीटर मागे उभं राहून डोळा दिव्याच्या मध्यापेक्षा ८० सेंटिमीटर वर ठेवला की १५ अंश. तिथून प्रकाशित भाग दिसत नसेल, किंवा सुटं चाक, शिडी, सायकलचा स्टँड, ट्रेलर ओढायचा हूक मध्ये येत असेल, तर नुसत्या दिव्याच्या मान्यतेचा उपयोग नाही. सायकली लादल्यावर दिवे झाकले जात असतील तर ब्रेक, टेल, इंडिकेटर आणि नंबर प्लेट असलेली वेगळी दिव्यांची पट्टी मागे लावतात.

बंपरमधल्या लाल परावर्तकाच्या जागी एलईडी बसवायची फॅशन आहे, आणि त्यात एकदम तीन नियम मोडतात. परावर्तक निघून जातो. मोटारीला ब्रेक लाइटची जादा जोडी लावायची मुभा नियम ४८ देत नाही, ती बस आणि ट्रकच्या काही वर्गांसाठी ठराविक अटीवर आहे. आणि मागचा फॉग लाइट तिथेच असेल तर त्याच्या आणि ब्रेक लाइटच्या मध्ये १०० मिलिमीटरपेक्षा जास्त अंतर लागतं, तेही उरत नाही.

मधला उंच दिवा

अमेरिकेत मोटारींसाठी तो १ सप्टेंबर १९८५ पासून बनलेल्या गाड्यांना सक्तीचा झाला, हलक्या ट्रकांना १ सप्टेंबर १९९३ पासून. संयुक्त राष्ट्रांच्या नियमात त्याची खालची कड मागच्या काचेच्या खालच्या कडेपासून १५० मिलिमीटरपेक्षा खाली नको, किंवा जमिनीपासून ८५० मिलिमीटरच्या वर हवी. शिवाय बाजूच्या जोडीच्या वरच्या कडेपेक्षा ती उंच हवी. मध्यरेषेवरच बसवायचा, मागचं दार दुभागलेलं असल्यासारखी खरी अडचण असेल तरच तो १५० मिलिमीटरपर्यंत सरकतो. कोन लहान आहेत: दोन्ही बाजूंना १०, वर १०, खाली ५ अंश. तीन मीटरवरून बाजूला साधारण ५३ सेंटिमीटर.

स्पॉयलर लावल्यावर खालचा मूळ दिवा झाकला जातो, म्हणून स्पॉयलरमध्येच दिवा देतात. त्यावर एस३, एस४ किंवा यू३ शोधा; नसेल तर तो स्पॉयलर घेऊ नका. हा दिवा मागच्या काचेच्या आत असेल तर काच आणि दिवा यांच्यात फट राहू देऊ नका, नाहीतर लाल उजेड आतल्या काचेवर पसरून चालकाच्या आरशात येतो. काचेवरची सनफिल्मही त्या जागेवरून कापून काढा.

जोडणी

बॅटरीची निगेटिव्ह तार काढून कामाला लागा. नवा दिवा मूळ सॉकेटमध्येच बसत असेल तर कापाकापी करूच नका. वायर घ्यावी लागली तर कुठून घेता ते महत्त्वाचं. बरेच वायरमन ब्रेकच्या पायडलच्या स्विचवरून तार काढतात. साध्या जुन्या गाडीत ते चालून जातं. इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाडीत नाही. तिथे पायडल न दाबताही, नुसता ॲक्सिलरेटर सोडला की मोटर गाडी रोखते. मोटारींच्या ब्रेकसाठीच्या नियम १३-एच प्रमाणे अशा वेळी मंदगती १.३ मीटर प्रति सेकंद वर्गाच्या वर गेली की ब्रेक लाइट पेटलाच पाहिजे, आणि ०.७ किंवा त्याखाली तो पेटता कामा नये. हा निर्णय कंट्रोलर घेतो, स्विच नाही. म्हणून मूळ ब्रेक लाइटला जाणाऱ्या तारेवरूनच संकेत घ्या.

नव्या गाड्यांत ती तार कंट्रोलरमधून येते आणि तोच तिच्यावर पहारा ठेवतो. जादा भार दिला तर इशारा येतो किंवा तो ती लाइन बंदही करतो. अशा वेळी मूळ तार फक्त रिलेला (थोड्या करंटने चालणाऱ्या स्विचला) खूण देण्यापुरती वापरा आणि दिव्याचा करंट वेगळ्या फ्यूजमधून आणा. बल्ब जिवंत आहे का हे बघायला कंट्रोलर बारीक झटके पाठवतो. तारेच्या बल्बला ते जाणवत नाहीत, पण एलईडी पायडल सोडल्यावरही मंद मिणमिणतो. मिणमिणणारा ब्रेक लाइटही दोषच.

सुरीने साल काढून गुंडाळलेली आणि टेप मारलेली जोडणी पहिल्या पावसात काळी पडते. क्रिंप करा किंवा सोल्डर करा, वर आत डिंक असलेली हीट श्रिंक नळी चढवा. पत्र्यातून तार नेताना रबरी ग्रोमेट घाला. डिकीच्या बिजागरीजवळ ढील ठेवा. तिथल्या तारा उघडझाप होऊन आतून तुटतात आणि बाहेरून अखंड दिसतात.

अर्थ म्हणजे निगेटिव्हची जोडणी, निम्म्या तक्रारी तिथून येतात. रंग खरवडून उघड्या धातूवर रिंग टर्मिनल कसा. अर्थ सैल असेल तर करंट परतीची दुसरी वाट शोधतो, शेजारच्या बल्बमधून जातो, आणि ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर किंवा रिव्हर्स मंद पेटतो. पायडल दाबून ठेवून बॅटरीच्या टोकांवरचा आणि दिव्याच्या सॉकेटवरचा व्होल्टेज मोजा. फरक अर्ध्या-एक व्होल्टच्या पुढे असेल तर जोडणी पुन्हा करा. तारेच्या बल्बला व्होल्टेज १० टक्के कमी मिळाला तर उजेड सुमारे ३० टक्क्यांनी घटतो.

दिवा बसवताना रबरी गॅस्केट नवं घ्या. सिलिकॉनने चारही बाजू बुजवताना दिव्याच्या मागची वाफ जायची बारीक भोकंही बुजवली, तर आत पाणी साचतं आणि ते तिथेच राहतं.

बसवल्यावर

इंजिन चालू ठेवून, दुसऱ्याला पायडलवर बसवून बघा. आधी सगळं बंद ठेवून नुसता ब्रेक. मग टेल लावून ब्रेक, फरक लगेच कळायला हवा. मग इंडिकेटर चालू ठेवून ब्रेक, इंडिकेटरची लय बिघडता कामा नये. फॉग लाइट लावून पुन्हा तेच. पायडल सोडल्यावर दिवा त्याच क्षणी पूर्ण विझतोय का ते अंधारात बघा. ब्रेकवर दोन मिनिटं सलग पाय ठेवून बल्ब, रेझिस्टर आणि फ्यूज किती तापतात ते पाहा. कॅलिफोर्नियाचा कायदा ब्रेक लाइट ३०० फुटांवरून, म्हणजे सुमारे ९० मीटरवरून, दिवसाही स्पष्ट दिसायला हवा असं म्हणतो. कुठेही वापरावी अशी ही चाचणी आहे. दुपारचं ऊन थेट दिव्यावर पडलेलं असताना करा. संध्याकाळी केली तर सगळेच दिवे पास होतात.

क्रूझ कंट्रोल असेल तर मोकळ्या रस्त्यावर पायडल टेकवताच तो सुटतो का बघा. काही गाड्यांत ब्रेकच्या सर्किटमधली गडबड क्रूझ, एबीएसचा दिवा किंवा ऑटोमॅटिक गिअरच्या लॉकवर उमटते. दिव्याचं काम झाल्यावर गिअर ‘पी’मधून निघेना झाला, तर आधी ब्रेकचा फ्यूज बघा.

दुचाकीचं थोडं वेगळं

मोटरसायकलच्या दिव्यावर नियम ५० ची, म्हणजे ५०आर ची खूण सापडते. नियम ५३ प्रमाणे उंची २५० ते १५०० मिलिमीटर. हाताचा आणि पायाचा ब्रेक वेगवेगळा दाबून बघा, दोन्हींनी दिवा पेटला पाहिजे. मागचा लांब मडगार्ड काढून आखूड किट लावताना ब्रेक लाइट बहुतेक वेळा ठीक असतो, पण नंबर प्लेटवरचा पांढरा दिवा आणि लाल परावर्तक मडगार्डबरोबरच गेलेले असतात. टेल लाइटच्या बुडाशी पारदर्शक खिडकी असेल तर प्लेट उजळते, पण प्लेट तिच्या खाली योग्य कोनात असेल तरच. पिशव्या आणि टॉप बॉक्स लादून पुन्हा ४५ अंशांवरून बघा.

जुना दिवा फेकू नका. तो, नव्या दिव्याचं खोकं, बिल आणि काचेवरच्या खुणांचा फोटो एकत्र ठेवा, आणि बदल विमा कंपनीला लेखी कळवा. तपासणीला जाताना तो फोटो मोबाइलमध्ये असू द्या. बसवल्यावर ती अक्षरं बंपरच्या कडेआड जातात आणि अधिकाऱ्याला दाखवायला दिवा पुन्हा उतरवावा लागतो.